सातांपैकी पाच

शाळाप्रवेशाचा हंगाम जवळ आला की रस्त्यांच्या कडेला मोठमोठे फलक उभे राहतात आणि त्यांवर हल्ली एक शब्द हमखास आढळतो : 'इंटरनॅशनल'. एके काळी शाळेला देवतेचे, दात्याचे अथवा राष्ट्रपुरुषाचे नाव देण्याची रीत होती. आज ह्या एका विशेषणाने ते काम भागते. मात्र नुसत्या विशेषणावरून त्या शाळेत काय शिकवले जाते, ह्याचा पत्ता लागत नाही. फलकामागे केंद्रीय मंडळाचा नेहमीचाच अभ्यासक्रम असू शकतो, केंब्रिजची परीक्षा असू शकते, अथवा जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ह्या संस्थेचा कार्यक्रम असू शकतो. ह्या तिसऱ्या प्रकाराला व्यवहारात 'आयबी' म्हणतात. त्यातला अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी आखलेला भाग म्हणजे 'मिडल इयर्स प्रोग्रॅम'. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले वा नातवंडे ह्या मधल्या वर्षांच्या कार्यक्रमात शिकत आहेत. काहींची जाण्याच्या बेतात आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र तो नेमका काय आहे हे कोणी धडपणे सांगितलेले नसते. शाळेच्या परिचयसभेत झगझगीत चित्रे दाखवतात, चहा देतात आणि इंग्रजीतली एक पुस्तिका हाती ठेवतात. घरी आल्यावर आजोबा विचारतात, "म्हणजे हा मुलगा दहावीला बसणार की नाही?" आणि त्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तिकेत सापडत नाही.

ह्या संस्थेचा जन्म एका गैरसोयीतून झाला. राष्ट्रसंघाचे आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे कार्यालय जिनिव्हात आल्यावर तेथील अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. एका वर्गात बसलेली ही मुले शेवटी निरनिराळ्या देशांच्या विद्यापीठांत जाणार. तेव्हा प्रत्येकाची परीक्षा निराळी, तयारी निराळी. सर्व देशांना मान्य होईल अशी एकच परीक्षा असावी, ह्या खटपटीतून १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था उभी राहिली. आरंभी तिच्याकडे केवळ शेवटच्या दोन वर्षांचा, आपल्याकडील अकरावी-बारावीच्या तोडीचा पदविका अभ्यासक्रम होता. भारतात तो कोडईकनालच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये १९७६ मध्ये आला आणि भारतीय विद्यापीठांच्या संघाने १९८३ मध्ये त्याला विद्यापीठप्रवेशासाठी मान्यता दिली. मधल्या वर्षांचा कार्यक्रम ह्यानंतरचा. त्याची मूळ कल्पना आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनेची. ती आयबीने हाती घेतली आणि १९९४ पासून हा कार्यक्रम शाळांतून सुरू झाला. म्हणजे ह्या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली. तिला 'अगदी नवे' म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

आता आतल्या रचनेकडे वळू. मुलाला आठ विषयगट शिकावे लागतात : भाषा आणि साहित्य, दुसरी भाषा, व्यक्ती आणि समाज, विज्ञान, गणित, कला, शारीरिक व आरोग्यशिक्षण आणि आठवा 'डिझाइन', म्हणजे योजून वस्तू वा उपाय घडवणे. प्रत्येक गटाला वर्षाकाठी किमान पन्नास तास द्यावेच लागतात; चित्रकलेचा तास गणिताच्या शिक्षकाने उसना घेण्याची आपल्याकडची परंपरा येथे नियमात बसत नाही. शेवटच्या दोन वर्षांत काही अटींवर आठांऐवजी सहा गट घेता येतात.

परंतु पालकांना चक्रावून टाकणारी गोष्ट निराळीच आहे. ह्या कार्यक्रमाला ठरलेले पाठ्यपुस्तक नाही. आयबी चौकट देते. त्या चौकटीत कोणता धडा, कोणत्या उदाहरणाने, कोणत्या क्रमाने शिकवायचा हे शाळेने आणि तेथील शिक्षकांनी ठरवायचे. एखादा पाठ उभारताना शिक्षकाने बदल, व्यवस्था, संबंध अशा सोळा मूळ संकल्पनांपैकी एक निवडायची, तिला जगातल्या एखाद्या प्रत्यक्ष संदर्भाशी जोडायचे आणि मुलांपुढे शोध घेण्याजोगे एक विधान ठेवायचे. हे कानांना जड वाटते. उदाहरणाने सोपे होईल.

समजा, मांडवीच्या काठच्या एखाद्या शाळेने सातवीच्या मुलांसाठी 'व्यवस्था' ही संकल्पना घेतली आणि अभ्यासासाठी आपली खाजन शेती निवडली. मुले बांधावर जातात. भरतीचे पाणी चढू लागले की मानशीची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, हे डोळ्यांनी पाहतात आणि असे का होते ह्याचा विचार करतात. बांधाच्या आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातला खारटपणा मोजून त्याचा तक्ता मांडतात, हे झाले विज्ञान. बांधाची डागडुजी पूर्वी कोण करीत असे, गावकरी आणि पुढे कोमुनिदाद ह्यांचा त्यात वाटा काय होता, १९६४ च्या कूळकायद्यानंतर ही जबाबदारी कोणाकडे गेली आणि आज अनेक बांध का फुटतात, हे गावातल्या वृद्धांना विचारून लिहितात. हा 'व्यक्ती आणि समाज' ह्या गटाचा अभ्यास. खाऱ्या पाण्यात तग धरणारे कोरगुटाचे भात घरच्या शेतात कधीकाळी पिकत होते, हे त्यातल्या एखाद्या मुलाला प्रथमच कळते. दोन वा अधिक विषय असे एकत्र गुंफणारा एक तरी पाठ दरवर्षी घेतलाच पाहिजे, असा आयबीचा दंडक आहे.

हे वाचून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. मात्र येथेच सावध होण्याची गरज आहे. पाठ्यपुस्तक नसल्यामुळे सर्व भार शिक्षकावर पडतो. शिक्षक जाणता आणि ह्या मातीतला असेल तर तो खाजनावर जाईल. नसेल तर दुसऱ्या खंडातल्या कोणा शिक्षकाने रचलेला पाठ आयता उचलेल, आणि मांडवीकाठची मुले टेम्स नदीच्या पुराचे तक्ते काढीत बसतील. सामान्य शाळेत शिक्षक दुबळा असला तरी निदान पुस्तक तरी हाती असते. तेव्हा शाळा पाहायला जाणाऱ्याने इमारत, पोहण्याचा तलाव आणि थंड हवेचे वर्ग थोडक्यात आटोपावेत, आणि गतवर्षी सातवीला शिकवलेला एखादा संपूर्ण पाठ पाहायला मागावा. तो शाळेने स्वतः रचला की बाहेरून आणला, हे चार पानांत कळते. ह्याच बैठकीत, येथे शिक्षक किती वर्षे टिकतात, हेही विचारून घ्यावे.

आता गुणांविषयी. घरोघरी सर्वांत मोठा गोंधळ होतो तो प्रगतिपत्रक हाती आल्यावर. त्यावर टक्के नाहीत, वर्गातला क्रमांक नाही. गणितापुढे नुसते '५' असे लिहिलेले. सातांपैकी पाच! आजोबा कागदावर भागाकार करून एकाहत्तर टक्के काढतात आणि मुलगा मागे पडला असे मानून शिकवणीची चौकशी सुरू करतात. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रत्येक विषयात चार कसोट्या असतात आणि प्रत्येक कसोटीला शून्य ते आठ अशा पायऱ्या. गणितात पहिली कसोटी ज्ञान व आकलनाची, दुसरी आकृतिबंध शोधून नियम काढण्याची, तिसरी आपला विचार नीट मांडण्याची आणि चौथी प्रत्यक्ष व्यवहारात गणित लावण्याची. कोणत्या पायरीवर मुलाला काय करता आले पाहिजे, ह्याचे वर्णन आधीच छापलेले असते आणि ते मुलालाही ठाऊक असते. शेजारच्या बाकावरच्याने काय केले ह्याच्याशी मुलाच्या पायरीचा संबंध नाही. वर्षअखेर शिक्षक सर्व कामांची सरासरी काढीत नाही. मूल आता कोणत्या पायरीवर स्थिर झाले आहे, हे तो ठरवतो. त्यामुळे पहिल्या सहामाहीत अडखळलेले आणि नंतर सावरलेले मूल जुन्या चुकांचे ओझे वर्षभर वाहत नाही. चारही कसोट्यांची बेरीज बत्तिसांपैकी होते, आणि ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे तिचे एक ते सात ह्या श्रेणीत रूपांतर करतात. एकोणीस ते तेवीस म्हणजे पाच. अठ्ठावीसपासून पुढे सात.

एखाद्या मुलीला समजा ज्ञानात सात, नियम शोधण्यात चार, मांडणीत पाच आणि उपयोजनात पाच मिळाले. बेरीज एकवीस, श्रेणी पाच. ह्या पाचापेक्षा त्यामागचे सात आणि चार अधिक बोलके आहेत. मुलीला सूत्रे येतात, शिकवलेले गणित ती बिनचूक सोडवते. परंतु न शिकवलेले गणित समोर आले की ती थबकते. आपल्या नेहमीच्या परीक्षेत ह्याच मुलीला नव्वद गुण मिळाले असते, पेढे वाटले गेले असते आणि तिचे थबकणे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापर्यंत कोणाच्या ध्यानात आले नसते. म्हणून प्रगतिपत्रक घेताना पालकांनी शेवटच्या आकड्यावर समाधान न मानता चारही कसोट्यांचे आकडे मागून घ्यावेत आणि त्यांवरच शिक्षकाशी बोलावे.

पाचव्या वर्षी, म्हणजे दहावीच्या वयात, प्रत्येक मुलाला एक व्यक्तिगत प्रकल्प करावा लागतो. विषय त्याने स्वतः निवडायचा, त्यावर साधारण पंचवीस तास काम करायचे, कामाची टिपणे ठेवायची आणि शेवटी अहवाल लिहायचा. एखादी मुलगी पौषातल्या धालोंची गीते आपल्या आजीकडून उतरवून घेऊन त्यांची ध्वनिफीत आणि पुस्तिका करील. एखादा मुलगा घरच्या विहिरीवर पाणी मोजण्याचे साधन बसवील. गुण दिले जातात ते आखणीला, कौशल्ये कशी वापरली त्याला आणि केलेल्या कामाविषयीच्या स्वतःच्या चिंतनाला. तयार वस्तूच्या देखणेपणाला स्वतंत्र गुण नाहीत. शाळेने दिलेले हे गुण आयबीकडून बाहेरून तपासले जातात.

येथे आमच्या पालकवर्गाला एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजना आणली आणि २०१७ मध्ये ती गुंडाळली. हेतू चांगला होता. पण शिक्षकांची तयारी झालेली नव्हती, आणि 'प्रकल्प' ह्या शब्दाचा अर्थ घरोघरी थर्माकोल, चमकीचा कागद आणि आईचे जागरण असा झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात तयार प्रकल्प विकत मिळू लागले! तीच सवय घेऊन आपण ह्या नव्या कार्यक्रमात गेलो, तर पैसा जाईल आणि मूल होते तेथेच राहील. आजीने गीते सांगावीत, आठवत नसतील त्या शेजारणीकडून विचारून सांगाव्यात. लिहिणे, खोडणे आणि पुन्हा लिहिणे मुलीला करू द्यावे. अहवाल ओबडधोबड झाला तरी चालेल.

कित्येकांना हे सारे परदेशी वाटते. वास्तविक, हाताने काम करीत आणि भोवतालच्या जीवनातून विषय घेत शिकावे, ही कल्पना ह्या देशाला नवी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली ती ह्याच पायावर. बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी आदिवासी बालकांना पाने, बिया, शंख-शिंपले ह्यांतून शिकवले, तेही ह्याच विचाराने. फरक एवढाच की त्या प्रयोगांना आपण शताब्दीच्या भाषणांत जागा दिली आणि शाळेत वेळापत्रक जुनेच ठेवले. आता तोच विचार जिनिव्हाचा शिक्का घेऊन परत आला, तेव्हा त्यासाठी वर्षाला काही लाख रुपये मोजायला आपण रांगेत उभे आहोत.

आणि ही लाखांची बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत आयबीच्या बहुतेक शाळा सरकारी आहेत. तेथे सामान्य घरातले मूलही ह्या वर्गात बसते. आपल्याकडे मात्र हा श्रीमंतांचा प्रांत होऊन बसला. असे असलेच पाहिजे असे नाही. अहमदाबादेत महात्मा गांधी इंटरनॅशनल स्कूल ही महापालिकेच्या भागीदारीतून उभी राहिली आणि तिने मधल्या वर्षांचा कार्यक्रम चालवला. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये आपल्या शाळांसाठी आयबीशी करार केला. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये विलेपार्ले येथे आयबीची शाळा सुरू केली. ज्या गोव्यात मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने तुटपुंज्या साधनांनिशी खेडोपाडी प्राथमिक शाळा नेल्या, तेथे असा एखादा प्रयोग सरकारी शाळेत करून पाहण्याची इच्छा कोणी बोलून दाखवू नये, हे आम्हांला खटकते. निदान चार कसोट्यांची ही रीत आणि एक व्यक्तिगत प्रकल्प एवढे तरी पेडण्याच्या वा काणकोणच्या शाळेत नेता येईल. त्यासाठी जिनिव्हाला शुल्क भरावे लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सर्वांगीण प्रगतिपत्रकाची भाषा आहेच.

आजोबांच्या दहावीच्या प्रश्नाकडे आता येऊ. ह्या कार्यक्रमाच्या शेवटी सर्वांना सक्तीची अशी बाह्य परीक्षा नाही. २०१६ पासून संगणकावर द्यावयाची एक परीक्षा उपलब्ध आहे. ती घ्यायची की नाही हे शाळा ठरवते. ती घेतली तर आठ घटकांचे मिळून छप्पन्न गुण असतात. पूर्ण प्रमाणपत्रासाठी किमान अठ्ठावीस आणि प्रत्येक घटकात निदान तीन मिळवावे लागतात. अनेक भारतीय शाळा तर पहिली तीन वर्षेच हा कार्यक्रम चालवून नववी-दहावीला मुलांना केंब्रिजच्या परीक्षेकडे वळवतात. म्हणून सहावीत प्रवेश घेतानाच तीन गोष्टी लेखी मागाव्यात : शाळेला आयबीची अधिकृत मान्यता मिळाली आहे की ती अजून उमेदवार आहे, दहावीच्या वर्षी मूल कोणत्या परीक्षेला बसेल, आणि ते प्रमाणपत्र अकरावीला राज्य मंडळाच्या उच्च माध्यमिक विद्यालयात जाण्यासाठी समकक्ष धरले जाईल की नाही. वडिलांची बदली होणार असेल, अथवा पुढे शुल्क झेपेल की नाही ह्याची शंका असेल, तर हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. परिचयसभेत दिलेले तोंडी आश्वासन चार वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो आमच्या मते शुल्काहूनही गंभीर आहे. गोव्यातल्या हिंदू घरात बोलण्याची कोकणी आणि वाचनाची, पोथीची, कीर्तनाची, वर्तमानपत्राची मराठी अशा दोन भाषा पिढ्यान्पिढ्या सुखाने नांदत आल्या. पोर्तुगीज अमदानीत देवळांच्या अग्रशाळांत आणि घरांच्या ओसऱ्यांवर मराठी शाळा चालवून ती वाचनाची भाषा आपल्या पूर्वजांनी टिकवली. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून १९९० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये ह्या भूमीत केवढे रण माजले, हे वाचकांना सांगायला नको. त्या सर्व वादात आपण सरकारी अनुदानाविषयी बोललो. अनुदानाची गरजच नसलेल्या ह्या नव्या शाळांत मुलाच्या भाषेचे काय होते, ह्याकडे कोणी पाहिले नाही.

वस्तुस्थिती अशी की आयबीचा नियम ह्या बाबतीत आपल्या विरुद्ध नाही. मुलाने पाचही वर्षे किमान दोन भाषा शिकल्या पाहिजेत, असे तो सांगतो, आणि घरच्या भाषेला आधार द्यावा अशी शाळेकडून अपेक्षाही ठेवतो. पुढे पदविकेच्या टप्प्यावर, शाळेत शिकवली न जाणारी स्वतःची भाषा असली तरी तिच्यातले साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वाध्यायाने अभ्यासण्याची सोय आहे. पण व्यवहारात पहिली भाषा इंग्रजी आणि दुसरी फ्रेंच वा हिंदी ठरते, कारण पालकच तशी मागणी करतात. प्रवेशअर्जात मातृभाषेच्या रकान्यात 'इंग्रजी' असे लिहिणारी सारस्वत, दैवज्ञ, भंडारी, सर्व समाजांची सुशिक्षित जोडपी आज आहेत. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पणजी, बेळगाव, इंदूर वा वडोदरा येथल्या मराठी वाचणाऱ्या कुटुंबाला तो आधार नाही. त्याला स्वतःच मागणी करावी लागेल. दहा कुटुंबांनी मिळून केली तर शाळेला ती टाळणे जड जाते, हा अनुभव सर्वत्रचा आहे.

ही मागणी भावनेपोटी आहे, असे कोणी समजू नये. बांधावरच्या वृद्धाला प्रश्न विचारायचे, आजीची गीते उतरवायची, तर ते मुलाला ज्या भाषेत करावे लागेल ती त्याला लिहिता-वाचता आली पाहिजे; नाही तर भोवतालच्या जीवनातून शिकण्याची ही सारी योजना इंग्रजी संकेतस्थळांवरून मजकूर उतरवण्यापुरती उरेल. आयबीच्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेकडे लेखी भाषाधोरण असावेच लागते. शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी ते मागून घ्यावे आणि त्यात मराठीचे व कोकणीचे नाव कोठे आले आहे, ते शोधावे.